दाढ काढायची आहे, गोळीचं काय?

दाढ ठणकायला लागली की माणूस आधी लवंग धरतो. मग घरात असेल ती वेदनाशामक गोळी घेतो. दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, गाल सुजून येतो, तेव्हा कुठे तो डेंटिस्टची पायरी चढतो. खुर्चीत बसल्यावर डॉक्टर विचारतात, ‘‘काकाजी, कोणत्या गोळ्या सुरू आहेत?’’ उत्तर येते, ‘‘बीपीची आहे, शुगरची आहे. हार्टवाल्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची पण दिली होती. पण दाढ काढाची आहे म्हणून ती तीन दिवसांपासून बंद केली ना.’’

धंतोली-रामदासपेठेतले खासगी दवाखाने असोत की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘मेडिकल’च्या, परिसरातले शासकीय दंत महाविद्यालय, असे उत्तर नागपुरात कुठेही कानावर पडू शकते. रुग्णाने हे चांगल्याच हेतूने केलेले असते. रक्त थांबले नाही तर काय, ही भीती खरी असते. कधी शेजाऱ्याने सुचवलेले असते, कधी औषधाच्या दुकानात कोणी सांगितलेले असते. एके काळी डॉक्टरही हाच सल्ला देत. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वैद्यकशास्त्राने हे मत बदलले आहे आणि त्यामागे भक्कम कारणे आहेत. साधा दात काढण्यासाठी बहुतेक रुग्णांनी रक्त पातळ करणारी गोळी बंद करण्याची गरज नसते. आणि स्वतःच्या मनाने तर ती कोणीच बंद करू नये.

रक्त थांबते कसे?

दात निघाला की हाडात एक खळगा उरतो आणि तो लगेच रक्ताने भरतो. तुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म पेशी जखमेच्या कडांना चिकटतात, एकमेकींना चिकटतात आणि पहिला बांध घालतात. त्यानंतर रक्तातली प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि शेवटी फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते. प्लेटलेटचा बांध आणि फायब्रिनचे जाळे मिळून गुठळी तयार होते. खळग्यात बसलेली ही गुठळी म्हणजेच पुढे भरून येणाऱ्या हाडाचा पाया.

आपण ज्यांना सरसकट ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या’ म्हणतो, त्यांची दोन घराणी आहेत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर या गोळ्या प्लेटलेटना चिकटू देत नाहीत. वॉरफेरिन, ॲसेनोकुमारॉल आणि अलीकडच्या डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबान, अपिक्सॅबान या गोळ्या फायब्रिनचे जाळे विणण्याच्या कामात अडथळा आणतात. कोणत्याही गोळीने रक्ताचे पाणी होत नाही. ते गोठते, फक्त उशिरा गोठते. दंतवैद्याला त्या उशिराची सोय करायची असते.

ॲस्पिरिनचे उदाहरण घ्या. हृदयरोग्यांना ती साधारण ७५ किंवा १५० मिलिग्रॅम एवढ्या लहान मात्रेत देतात. या गोळीच्या तावडीत सापडलेली प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यात सुधारत नाही, आणि तिचे आयुष्य असते सात ते दहा दिवसांचे. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात. म्हणजे दाढ काढण्याआधी दोन दिवस ॲस्पिरिन चुकवून रक्तस्रावात फारसा फरक पडत नाही. गोळी बंद केल्याचे समाधान तेवढे मिळते, आणि ज्या कारणासाठी गोळी दिली त्याचे संरक्षण मात्र कमी होऊ लागते.

ज्यांना स्टेंट टाकली आहे त्यांच्या बाबतीत हा प्रश्न जिवावरचा असतो. स्टेंट म्हणजे हृदयाच्या धमनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. तिच्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर प्लेटलेटच्या दृष्टीने ती उघडी, परकी वस्तू असते. म्हणूनच सुरुवातीच्या काळात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम दुसरी गोळी अशी जोडी दिली जाते. ही जोडी अवेळी मोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन एकाएकी हृदयविकाराचा झटका येऊ शकतो आणि त्यात माणूस दगावण्याचे प्रमाण मोठे असते. २००७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या आणि शल्यविशारदांच्या संघटनांनी दंतवैद्यांच्या संघटनेला सोबत घेऊन एक संयुक्त सूचनापत्रक काढले. दातांच्या उपचारासाठी ही जोडी मोडू नका, तातडी नसलेली मोठी शस्त्रक्रिया पुढे ढकला, आणि काही बदल करायचाच असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञाशी बोला, असे त्यात स्पष्ट सांगितले होते.

गुरांच्या रोगापासून माणसाच्या औषधापर्यंत

दुसऱ्या घराण्याची गोष्ट गोठ्यात सुरू होते. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील कुरणांत गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली, खच्ची केले, एवढ्याशा जखमेतूनही रक्त थांबेना. स्वीट क्लोव्हर या चाऱ्याला दमटपणामुळे बुरशी लागली की हा रोग होतो, हे पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी दाखवून दिले. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, खराब चारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. पुढची काही वर्षे खपून लिंक यांच्या चमूने त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे केले. त्याच जातकुळीतले वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांच्यावरही ते वापरले गेले.

आपल्याकडे वॉरफेरिनचेच भावंड असलेले ॲसेनोकुमारॉल भरपूर वापरले जाते. रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होताना ‘के’ जीवनसत्त्व लागते. ही दोन्ही औषधे त्या जीवनसत्त्वाच्या वापरात खीळ घालतात. मग शरीरात त्या प्रथिनांचा पुरवठा घटतो आणि गुठळी सावकाश होते.

या गोळ्यांवर जगणारा एक मोठा वर्ग म्हणजे हृदयाची झडप बदललेले रुग्ण. लहानपणी घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, सगळे विसरून गेले, आणि विशी-तिशीत कळले की संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झाली आहे, अशी माणसे आपल्या गावाखेड्यांत आजही आहेत. परदेशी झडपा एके काळी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी झडप तयार झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. त्या झडपेने असंख्य गरीब कुटुंबांना आधार दिला. पण यांत्रिक कृत्रिम झडप कोणतीही असो, तिच्यावर गुठळी धरण्याचा धोका जन्मभर राहतो. गुठळी झडपेतच अडकली तर हृदय बंद पडू शकते. सुटून मेंदूत गेली तर लकवा येतो. म्हणून अशा रुग्णाला गोळी जन्माची सोबतीण असते.

आकडा काय सांगतो?

वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल घेणाऱ्याच्या फाइलमध्ये एक आकडा वारंवार दिसतो, तो आयएनआर. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांसाठी तो सहसा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात, डाव्या बाजूच्या मिट्रल जागेवरील कृत्रिम झडपेसाठी थोडा वर, २.५ ते ३.५.

हा आकडा आला कुठून, हे समजले की जुन्या भीतीचे मूळही समजते. पूर्वी रक्त गोठण्याची तपासणी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या रसायनाने करी. एकाच रक्ताचे दोन ठिकाणी दोन वेगळे निकाल येत. अमेरिकेत त्यापायी कित्येक रुग्णांना गरजेपेक्षा जास्त मात्रा मिळे, आणि अशा रुग्णाचा दात काढला की रक्त हमखास छळे. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआरची समान पद्धत स्वीकारली. तेव्हापासून नागपूरचा ३ आणि लंडनचा ३ यांचा अर्थ एकच झाला. गोळी सुरू ठेवून दात काढणे सुरक्षित आहे का, हे तपासणे त्यामुळे शक्य झाले.

१९९८ मध्ये अमेरिकी दंतवैद्य मायकेल वॉल यांनी तोवरचे प्रसिद्ध झालेले अनुभव एकत्र केले. गोळी सुरू ठेवून उपचार घेतलेल्या ९५० हून अधिक रुग्णांवर २,४०० पेक्षा जास्त दंतप्रक्रिया झाल्या होत्या. त्यांपैकी फक्त १२ जणांचे रक्त टाके, दाब अशा जागेवरच्या उपायांनी आटोक्यात आले नाही. उलट ज्यांची गोळी थांबवली होती, त्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी चौघे गुठळीने दगावले. एका बाजूला आटोक्यात आणता येणारा रक्तस्राव आणि दुसऱ्या बाजूला मृत्यू, असा हा हिशेब होता.

आज स्कॉटलंडची, २०१५ मध्ये निघालेली आणि २०२२ मध्ये सुधारलेली दंतवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की आयएनआर ४ च्या खाली असेल तर गोळी न थांबवता साधे दात काढता येतात. तपासणी शक्यतो आदल्या २४ तासांतली हवी, आकडा कित्येक महिने स्थिर असेल तर ७२ तासांतली चालते. आकडा ४ किंवा त्यावर असेल तर दात थांबू शकतो. आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरांना भेटून मात्रा नीट करून घ्यायची.

‘गोळी बंद करून पोटात हेपॅरिनची इंजेक्शने घ्या’ असा मधला मार्गही अनेकांना सुचवला जाई. २०१५ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या १,८८४ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत, शस्त्रक्रियेसाठी वॉरफेरिन थांबवल्यावर ही इंजेक्शने देणे आणि न देणे यांची तुलना झाली. इंजेक्शनांमुळे गुठळ्यांचे प्रमाण घटले नाही, मोठा रक्तस्राव मात्र १.३ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेला. कृत्रिम झडपेच्या रुग्णांचा प्रश्न वेगळा आहे, तो त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञानेच सोडवायचा. पण एका दाढेसाठी हा खटाटोप सहसा लागत नाही.

नव्या गोळ्यांचा हिशेब निराळा. अपिक्सॅबान, डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबान यांचा असर आयएनआरमध्ये नीट दिसत नाही आणि तो तासांच्या हिशेबाने उतरतो. एक-दोन साधे दात काढायचे तर त्या बहुधा थांबवाव्या लागत नाहीत. काम मोठे असेल तर दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीचा सकाळचा एक डोस गाळतात. एकदाच घ्यायच्या गोळीचा सकाळचा डोस रक्त थांबल्यानंतर काही तासांनी देतात. एक डोस सरकवणे आणि तीन दिवस गोळी बंद ठेवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि तो डोसही डॉक्टरांनी सरकवायचा.

खुर्चीत काय घडते?

तयारी असलेला दंतवैद्य हे काम सकाळी आणि आठवड्याच्या सुरुवातीला ठेवतो. रक्त पुन्हा आले तर दवाखाना उघडा असावा, डॉक्टर हाताशी असावेत, रविवार मध्ये येऊ नये, हा त्यामागचा हेतू. एका बैठकीत एक ते तीन दात, त्याहून जास्त नाही. कृत्रिम झडप असेल तर तासभर आधी अँटिबायोटिक देतात, कारण दात काढताना तोंडातले जंतू रक्तात शिरून झडपेवर बसू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या चर्चेत ही गोष्ट विसरली जाते, ती विसरू नये.

दात शक्यतो हाड न फोडता, हळूहळू सैल करत काढतात. खळग्यातला सडका, सुजलेला भाग खरवडून काढतात, कारण रक्त जास्त झिरपते ते त्याच भागातून. मग खळग्यात जिलेटिनचा किंवा सेल्युलोजचा विरघळणारा स्पंज बसवतात आणि हिरडीच्या दोन्ही कडा टाक्याने ओढून घेतात. त्यावर कापसाची घट्ट घडी ठेवून रुग्णाला दात दाबून बसायला सांगतात. वीस ते तीस मिनिटे दाब सलग हवा. रुग्ण दर दोन मिनिटांनी घडी काढून ‘थांबलं का?’ पाहतो आणि तयार होत असलेली गुठळी उचकटून टाकतो, हा इथला नेहमीचा घोळ.

याच्या जोडीला ट्रानेक्सॅमिक ॲसिड हे उपयोगी औषध आहे. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने ते शोधले. तयार झालेली गुठळी शरीरानेच विरघळवू नये, याची काळजी ते घेते. त्याचे ५ टक्क्यांचे द्रावण तोंडात दोन मिनिटे धरून दिवसातून चार वेळा, काही दिवस वापरतात. ५०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घडीवर टाकून ती दाबायला देणे हा आपल्याकडचा सोपा, स्वस्त उपाय आहे.

तोंडातल्या जखमेची जमेची बाजू हीच की ती डोळ्यांना दिसते, बोटाने दाबता येते, टाक्याने शिवता येते. मेंदूतली गुठळी दिसत नाही आणि तिच्यावर कापसाची घडी ठेवता येत नाही.

चिठ्ठीतला धोका

दात निघाला, रक्त थांबले, रुग्ण घरी गेला. खरी गडबड पुष्कळदा त्यानंतर सुरू होते आणि ती औषधाच्या चिठ्ठीतून होते. दातातल्या पुवासाठी आपल्याकडे अमॉक्सिसिलिनच्या जोडीला मेट्रोनिडॅझोल सर्रास लिहिले जाते. वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल घेणाऱ्याच्या शरीरात मेट्रोनिडॅझोल त्या गोळीचा निचरा रोखते. आयएनआर दोन-चार दिवसांत झपाट्याने चढतो, आणि दात काढल्याच्या दिवशी कोरडी असलेली जखम चौथ्या-पाचव्या दिवशी वाहू लागते. तोंडातल्या बुरशीसाठीचे मायकोनॅझोल जेल आणि फ्लुकोनॅझोल गोळी हेच करतात.

वेदनाशामकांचेही तसेच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, किटोरोलॅक या गोळ्या प्लेटलेटना आणखी अडवतात आणि जठराच्या अस्तराला इजा करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णासाठी पॅरासिटामॉल हा जास्त सुरक्षित पर्याय. तोही ठरलेल्या मात्रेतच, कारण तो भरपूर आणि बरेच दिवस घेतला तर आयएनआर वाढू शकतो. म्हणून मेडिकल स्टोअरमधून ‘दातदुखीची एक पट्टी द्या’ म्हणून गोळ्या आणणे या रुग्णांनी सोडून द्यावे.

लांबचा रुग्ण, खर्ऱ्याचे तोंड

विदर्भात या प्रश्नाला दोन वेगळे पदर आहेत. पहिला अंतराचा. नागपूरच्या रुग्णालयांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाचेच नव्हे, तर मध्य प्रदेशातल्या बालाघाट, छिंदवाड्याचेही रुग्ण येतात. सकाळच्या बसने यायचे, दाढ काढायची आणि गणेशपेठच्या बसस्थानकावरून दुपारची गाडी पकडायची, असा बेत या गोळ्या घेणाऱ्याने करू नये. पहिल्या काही तासांत सुन्नपणाच्या इंजेक्शनचा असर उतरतो, आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि थांबलेले रक्त पुन्हा येऊ शकते. ते चामोर्शीच्या वाटेवर, रात्री, धावत्या गाडीत येऊ नये. ती रात्र शहरातल्या नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत काढावी आणि सकाळी जखम दाखवून मग निघावे. आयएनआरची तपासणी गावाजवळ होत असेल तर आदल्या दिवशी करूनच यावे, म्हणजे फेरी वाया जात नाही.

दुसरा पदर खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून केलेला खर्रा इथे गल्लोगल्ली मिळतो. त्याने हिरड्या बिघडतात, दात हलतात, आणि गालाच्या आतली कातडी ताठ होऊन तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. अशा तोंडात हत्यार नीट पोचत नाही, टाका घालणे अवघड होते, जखम मोठी होते. दाढ काढल्यावर खर्रा तोंडात ठेवला तर तंबाखूने जखम भरायला उशीर होतो आणि सतत थुंकल्याने गुठळी निघून येते. या गोळ्या घेणाऱ्याने दाढ काढण्याचे निमित्त करून खर्रा कायमचा सोडला, तर हृदयाचे आणि तोंडाचे, दोन्हींचे भले होईल.

जाण्यापूर्वी आणि आल्यावर

डेंटिस्टकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुनी फाइल सोबत न्या. ‘पांढरी छोटी गोळी’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. स्टेंट किंवा झडप कधी बसवली ते सांगा, शेवटचा आयएनआर दाखवा, यकृत-मूत्रपिंडाचा आजार किंवा दारूची सवय असेल तर लपवू नका. पायातल्या गुठळीसाठी तीनच महिने गोळी सांगितली असेल, तर तातडी नसलेला दात तो काळ संपेपर्यंत थांबवता येतो का, हे विचारा. दंतवैद्याने हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी मागितली तर नुसते ‘फिटनेस’ आणू नका. गोळी सुरू ठेवायची की नाही, कोणता डोस कधी घ्यायचा, हे लिहून आणा.

दात काढल्यावर चोवीस तास गुळण्या करू नका, जोराने थुंकू नका, गरम चहा टाळा, मऊ आणि कोमट जेवा. लाळेत थोडा गुलाबी रंग दिसला तर घाबरू नका. पण तोंड पुन्हा पुन्हा रक्ताने भरत असेल, अर्धा तास सलग दाबूनही थांबत नसेल, तर डॉक्टरांना फोन करा आणि निघा. त्या वेळीही गोळी स्वतः बंद करायची नाही, ते डॉक्टर ठरवतील.

ज्या गोळीने आपले हृदय चालते ठेवले आहे, तिचा निर्णय दाढेच्या भीतीने घरबसल्या घेऊ नये. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतील अशी व्यवस्था करा. एका फोनचे काम असते, आणि तो फोन करा असे सांगण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.